ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी बोर्डवर काय पाहावं

मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा (कार्ड जोडायच्या जोडणीचा) १६ लेनचा, म्हणजे डेटाच्या १६ वाटांचा, लांब स्लॉट असला की आजचं जवळपास कुठलंही कार्ड बसतं. बोर्ड या जोडणीच्या ३.० आवृत्तीचा आणि कार्ड नव्या ४.० चं असलं तरी चालतं, वेग मात्र ३.० चाच मिळतो. लेन जरूर मोजा. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच लेन वापरतं, म्हणून ३.० च्या बोर्डवर ते चांगलंच मंदावतं. कार्ड प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्येच लावा. खालचा तेवढाच लांब दिसला तरी त्यात बरेचदा चारच लेन असतात.

खरी अडचण विजेची. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) ही केबल नसेल तर साटावरून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलवरून, कन्व्हर्टर जोडू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटच पेलतो. जास्त भाराने तो तापून वितळू शकतो. त्यापेक्षा एनव्हिडियाचं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० कार्ड बघा: ७० वॉट, बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही.

कॅबिनेटमधली जागा टेपने मोजा, पुढच्या पंख्याची जाडी वजा करून. सगळं जुळूनही स्क्रीन काळी? आधी मॉनिटरची केबल बोर्डऐवजी कार्डला लावलीय ना ते बघा, मग बायॉस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.