फियाटमध्ये चाइल्ड सीट बसवली एकदाची

तीन रविवार गेले, माझी दोन नखं तुटली, नवऱ्याशी दोनदा वाजलं, पण फियाटमध्ये चाइल्ड सीट बसली एकदाची. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

गाडी बाबांची. १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगला, पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट. मी या गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून रामटेकला गेलेली पोरगी आहे, म्हणजे खरंच आडवी, उशी घेऊन, आणि आईबाबा पुढे निवांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा बाबा दोन दिवस घरातलं कोणी गेल्यासारखे बसून होते. आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर, स्वतः चालवत नाहीत, चालवते मी, पण हट्ट एकच की नातीला रविवारी नागपुरात धरमपेठहून महालच्या घरी न्यायचं तर माझ्याच गाडीतून न्यायचं.

नवऱ्याची हॅचबॅक आहे ना, तिच्यात आयसोफिक्स आहे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतच बसवलेल्या कड्या, सीट मागे ढकलली की दोन्हीकडे खट खट आणि झालं, दोन मिनिटांचं काम. म्हणजे अक्कल असलेला माणूस तिथेच थांबला असता. आम्ही नाही थांबलो.

आई म्हणे, "कायले पाहिजे एवढं, मांडीवर घे, तुम्हाला दोघांनाही तसंच मोठं केलं." हे मी इतक्या लोकांकडून ऐकलं की शेवटी हिशोबच करून दाखवला. ताशी ५० ने जाणारी गाडी अचानक थांबणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून खाली पडणं, तिसऱ्या मजल्यावरून समजा. माझी लेक चिऊ साडेनऊ किलोची. अशा धडकेत तिचं वजन हाताला वीस-तीसपट लागतं, म्हणजे दोन-अडीचशे किलो. सिमेंटच्या चार-पाच गोण्या धरून दाखव म्हटलं मांडीवर, मग बोलू. आई गप्प झाली, पटलं म्हणून नाही, पोळ्या राहिल्या होत्या म्हणून.

आणि कायदाही आहे बरं का. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब लागू आहे, चौदा वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. लॉ कॉलेज चौकात आजवर मला कोणी विचारलेलं नाही, ते वेगळं.

तर मुद्दा असा की सीट आधीपासून होतीच, शून्य ते अठरा किलोवाली, युरोपच्या ४४ नंबरच्या सुरक्षा नियमाचं केशरी लेबल असलेली. मला वाटलं आता फक्त बेल्टनं बांधायची. मागचं दार उघडलं, सीट आत कोंबली, आणि मग लक्षात आलं की बांधू कशाला? मागे बेल्टच नाहीत. आपल्याकडे पुढचे बेल्ट कंपनीतून यायला लागले १९९४ पासून, मागचे तर २००२ नंतर, आणि ही बिचारी १९८७ ची. पुढचे दोन बाबांनी नंतर कधीतरी लावून घेतले होते, मागे नुसता रेक्झिन.

पहिला रविवार. कॉटन मार्केटच्या मागे एक मिस्त्री आहेत, फियाट आणि अॅम्बेसेडर सोडून दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत, काका म्हणते मी त्यांना. त्यांना म्हटलं, काका, मागे दोन बेल्ट लावून द्या, ऑनलाइन मिळतात तसले. काका हसले. "ताई, बेल्ट तं मी आत्ता लावून देतो, दहा मिनिटाचं काम. पण लावू कुठं? हे पत्रं आहे. झटका बसला तं बोल्ट पत्र्यासकट बाहेर येईन."

आणि मग त्यांनी मागची गादी उचलली.

त्या गादीखाली काय काय निघालं! पंचवीस पैशांची दोन नाणी (चलनातून २०११ लाच गेली ती), माझी शाळेतली लाल क्लिप, एक स्क्रू ड्रायव्हर जो हरवला म्हणून बाबांनी या काकांवरच आळ घेतला होता, आणि वाळलेल्या संत्र्याच्या बिया, चांगल्या मूठभर. त्याखाली डांबरासारखा काळा थर. काकांनी तो खरवडला आणि लहान हातोडी घेऊन जमीन वाजवत गेले, बाजारात माठ घेताना आपण वाजवतो ना अगदी तसं. उजवीकडे ठण, ठण, ठण. जमिनीच्या मधल्या उंचवट्याजवळ ठण. डावीकडे आले आणि आवाज बदलला. ठप. परत मारलं, ठप. मग त्यांनी तोच हरवलेला स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक टेकवलं, जोरसुद्धा लावला नाही हो, नुसता तळव्यानं दाबला, आणि तो आत गेला. खाली रस्ता दिसला मला. मागच्या काचेचं रबर कडक झालेलं, त्यातून किती पावसाळे पाणी झिरपत होतं कोणास ठाऊक, सगळं येऊन त्याच कोपऱ्यात साचायचं.

काका म्हणे मग उजवीकडे लावू, ड्रायव्हरच्या मागे, तिथलं पत्रं सोन्यासारखं आहे. नवराही म्हणे उजवीकडेच लाव, विषय संपव. पण आपल्याकडे डावी बाजू फुटपाथची. उजवीकडून पोर काढायचं म्हणजे महालच्या गल्लीत मी रस्त्याच्या बाजूला कंबरेतून वाकून उभी आणि मागून ई-रिक्षा. मी अडून बसले. डावीकडेच पाहिजे, पत्रं कापा आणि नवीन लावा. हे पहिलं भांडण.

दुसरा रविवार वेल्डिंगचा. बॅटरी काढली, गादी आणि मॅट बाहेर, खालच्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या पाइपांवर ओली गोणपाटं टाकली, शेजारी पाण्याची बादली. सडलेला तुकडा कापून टाकला, चांगलं पत्रं लागेपर्यंत कापत गेले, तो आमच्या जेवायच्या ताटाएवढा निघाला. नवीन पत्रं जोडल्यावर खरं काम, म्हणजे बोल्टच्या जागा. नुसतं भोक पाडून वॉशर लावला तर उपयोग शून्य, ओढ एका बिंदूवर येते आणि पत्रं कागदासारखं फाटतं. म्हणून खालून जाड लोखंडी प्लेट, तळहाताएवढी, तिलाच नट वेल्ड केलेला, म्हणजे ओढ पूर्ण प्लेटवर पसरते. बोल्ट पण असातसा चालत नाही, सीट बेल्टचा बोल्ट जगभर सात-सोळांश इंची, बारीक आट्यांचा असतो. काकांकडे बरणीभर बोल्ट होते, त्यातला एक "हाही चालते" म्हणून दाखवला त्यांनी, मी नाही म्हटलं, बेल्टच्या किटमध्ये आलेलेच लावा. जमिनीत दोन जागा, आणि तिसरी खांद्याजवळ, मागच्या काचेच्या बाजूच्या खांबात. त्या खांबात प्लेट आतून सरकवायला काकांचा हात जाईना म्हणून त्यांच्याकडच्या पोराला बोलावलं, त्यानं फळीखालून हात घालून बरोब्बर धरली.

खांद्याची तिसरी जागा कायले, कमरेचा पट्टा पुरे की, असं काकाही म्हणाले. पण आमच्या सीटच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं, तीन पॉइंटचाच बेल्ट पाहिजे. काही सीट कमरेच्या पट्ट्यावर चालतात, आमची नाही. हे पुस्तक वाचा रे बाबांनो, खोक्याबरोबर रद्दीत टाकू नका. बेल्ट मी रीलवाले, म्हणजे आपोआप गुंडाळले जाणारे, नाही घेतले, साधे फिक्स घेतले, हातानं ओढून घट्ट करायचे. रीलला जागा पाहिजे आणि ती नेमकी सरळ बसायला पाहिजे, नाहीतर लॉक होऊन बसते.

"एका बाजूला केलं तं दुसऱ्या बाजूलेही करून टाकू," काका म्हणे, आणि उजवीकडेही बेल्ट लागला. तेव्हा मला तो खर्च वाटला होता. मग कळलं की शेजारी बिनबेल्टचा मोठा माणूस बसला असेल तर धडकेत तोच पोरावर येऊन आदळतो. आणि शेजारी कोण बसणार, बाबा.

तिसरा रविवार, सीट बसवायची. मला वाटलं अर्धा तास.

चिऊ चौदा महिन्यांची, म्हणून सीट उलटी, तोंड मागच्या काचेकडे. यावर अख्ख्या खानदानानं मत दिलं, तिला रस्ता दिसू दे की, कंटाळेल ती. पण या वयात डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची. उलट्या सीटमध्ये धक्का पूर्ण पाठीवर वाटला जातो, सरळ सीटमध्ये शरीर पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. युरोपच्या नव्या १२९ नंबरच्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचंच आहे, आमची सीट तेरा किलोपर्यंत उलटी चालते, मी तिथपर्यंत नेणार. बेल्ट कुठून घालायचा ते रंगावरून कळतं, उलटी असेल तर निळ्या खुणा, सरळ असेल तर लाल. मी पहिल्यांदा लालमधून घातला. हो, पुस्तक वाचा म्हणणारी मीच.

मग निळ्यातून घातला, ओढला, हलवून पाहिली तर सीट झोपाळ्यासारखी. फियाटची गादी म्हणजे स्प्रिंगा आणि वर काथ्या, त्यावर बाबांनी हौसेनं चढवलेलं गुळगुळीत कव्हर, वर कितीही ओढा, खाली सगळं सरकून राहिलं. कव्हर काढून टाकलं. मग मी गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा पूर्ण भार टाकला आणि नवऱ्यानं बाहेरून बेल्ट ओढला. जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवायचं, एक इंचाच्या आत हललं पाहिजे. तरी दोन इंच हले. चार वेळा केलं, चारही वेळा दोन इंच. हे दुसरं भांडण, त्याचं म्हणणं मी नीट दाबत नाही, माझं म्हणणं तो नीट ओढत नाही.

शेवटी मी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसलं. बकलची दांडी लांब होती, त्यामुळे बकल वर येऊन नेमकं सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं पडत होतं. बेल्ट ताणला जातोय असं वाटायचं पण ताण त्या कडेवरच अडकायचा. आणि हे नुसतं सैल राहण्यापुरतं नाही, धक्क्यात बकल अशा कडेवर वाकून तुटूसुद्धा शकतं. नवरा म्हणे पट्टा कापून शिवून आणतो, सदरला सीट कव्हरवाला आहे. अरे तो रेक्झिन शिवतो! बेल्ट कापायचा नाही, शिवायचा नाही, गाठ तर अजिबात मारायची नाही. आखूड दांडीचं बकल मागवलं, चार दिवसांनी आलं, लावलं, आणि पहिल्याच झटक्यात सीट गच्च. अर्धा इंचसुद्धा नाही. मी गाडीतच बसून राहिले दोन मिनिटं.

एक गोष्ट मात्र बिघडली ती बिघडलीच. उलटी सीट पाय पसरून बसते, तिला जागा द्यायला पुढची सीट पुढे घ्यावी लागते, आणि पुढे एकच लांब सीट, म्हणजे ड्रायव्हरही सोबत पुढे. मी पाच फूट दोन इंच, मला चालतं. नवरा सहा फुटी, त्याचे गुडघे गिअरच्या दांडीला लागतात, दुसरा टाकला की वायपरच्या बटणाशी मारामारी. तो आता ही गाडी चालवू शकत नाही. चिऊ मोठी होईपर्यंत तरी नाही. मी फार दुःख केलं नाही.

बाकी खरं सांगायचं तर ही फियाट काही हॅचबॅकइतकी सेफ झाली नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आमच्या वेल्डिंगची कोणी लॅबमध्ये टेस्ट घेतलेली नाही. म्हणून ती फक्त गावातल्या गावात, चाळीसच्या खाली, वर्धा रोडला नाहीच. आणि मे महिन्यात सकाळी नऊच्या आत. पंचेचाळीस डिग्रीत उभ्या गाडीत त्या बकलचं लोखंड हाताला चटका देतं, पोराच्या मांडीचं काय होईल, म्हणून सीटवर कायम पांढरा ओला पंचा टाकून ठेवते आणि बसवायच्या आधी बकलला स्वतःचं मनगट लावून बघते. एसी नाहीच, पण ती पुढची तिकोनी काच उघडली की वारा बरोब्बर मागे जातो, ते सुख नवऱ्याच्या गाडीत नाही.

गेल्या रविवारी पहिली फेरी झाली. चिऊ सीटमध्ये, शेजारी बाबा, तेही बेल्टमध्ये. "मी काय लहान पोर आहे का बे," करत करत लावला त्यांनी. शंकरनगरच्या सिग्नलला अॅक्टिव्हावर एक जण बाजूला आला आणि काचेतून वाकून नेहमीचा प्रश्न, "काका, गाडी देता का?" या प्रश्नावर बाबांचं अर्ध्या तासाचं भाषण ठरलेलं आहे, कितीला घेतली, कार्ब्युरेटर कितीदा उघडलं, मुंबईला एका दमात कशी नेली होती. ते उत्साहानं काचेकडे झुकायला गेले आणि बेल्टनं मागे ओढलं. परत गेले, परत ओढलं. फिक्स बेल्ट, मीच गच्च केलेला. तोवर सिग्नल सुटला.