उंबऱ्याआतले राजकारण

स्त्रीवादी राजकीय विचारवंत कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये मांडलेला मुद्दा मला आजही सर्वांत धारदार वाटतो: हॉब्ज, लॉक, रूसो या तत्त्वज्ञांच्या सामाजिक कराराआड, म्हणजे राज्यसत्ता लोकांच्या संमतीतून उभी राहते या कल्पनेआड, स्त्रीवरील पुरुषसत्तेचा दुसरा करार दडलेला आहे. पुढच्याच वर्षी स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी न्यायाची चर्चा थेट कुटुंबात नेली. (जात मात्र दोघींच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही, आणि आपल्याकडे ती वगळून चालत नाही.)

कोल्हापूरकरांना हा विचार परका वाटू नये. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कायदा करून ‘घरातली बाब’ संस्थानाच्या कक्षेत आणली होती. तरीही आमच्या पेठेत रविवारी पांढरा रस्सा पुरुषांच्या पहिल्या पंगतीत संपतो, आणि तो रांधणाऱ्या बायका पातेल्याच्या तळाशी उरलेल्या तांबड्यात गरम पाणी वाढवून जेवतात.