आभाळाचे तुकडे

हजार तुकड्यांचं जिगसॉ घेतलं ते खोक्यावरच्या चित्रासाठी. चित्रकार आल्फ्रेड सिस्लेचं ‘पोर्ट-मार्लीचा पूर’. डावीकडे दारूवाल्याचं दुकान, त्याच्याशी लागलेल्या होड्या, उजवीकडे पाण्यात उभी असलेली झाडं, आणि उरलेलं सगळं आभाळ नाहीतर पाणी. ‘उरलेलं सगळं’ म्हणजे किती, ते तिसऱ्या दिवशी कळलं.

दुकान दोन संध्याकाळींत उभं राहिलं. मग राहिले ते राखाडी तुकडे. दोन ताटं घेतली, एकात आभाळ, एकात पाणी. एक तुकडा चार दिवस ढगांत बसवायची खटपट केली आणि तो शेवटी होडीखाली चपखल बसला. चिडून दिव्याखाली धरला, तर त्यात राखाडी असं काही नव्हतंच. निळ्याचा फटकारा, त्याला खेटून मातकट पिवळा, कडेला जांभळट झाक. हात लांब केला की पुन्हा राखाडी. बरं, हेच रंग ढगांतही! पाण्याला त्याने वेगळा रंग दिलेलाच नाही. फरक आहे तो हाताच्या वळणाचा. वर कुंचला मोकळा फिरतो, खाली आडवा आणि तुटक. मग मी ताटं रिकामी केली आणि रंग सोडून फटकाऱ्यांवरून वाटणी केली. काम भराभर सुटलं.

सिस्लेने एका पत्रात लिहिलंय की कॅनव्हासची सुरुवात तो नेहमी आभाळापासून करतो. मी मात्र आभाळ शेवटाला ठेवलं होतं!

१८७६ च्या वसंतात सीन नदी काठ सोडून पॅरिसजवळच्या पोर्ट-मार्ली गावात शिरली, तेव्हा तो जवळच मार्ली-ल-र्वाला राहत होता. रंगपेटी घेऊन आला आणि या पुराची एकामागून एक चित्रं करत राहिला. यातलं एक १८० फ्रँकला गेलं म्हणतात. १८९९ च्या जानेवारीत तो गेला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लिलावात त्याच चित्राला ४३,००० फ्रँक आले. हा हिशेब आठवला की मला अजून राग येतो.

आई सांगलीहून आली तेव्हा चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत आली होती. ती जरा वेळ बघत राहिली.

“पूर म्हणतेस, आणि कुणाची धावपळ कशी नाही?”

“अगं, त्याला उजेड काढायचा होता.” मी तिला ढग दाखवले, खाली त्यांचंच पाणी कसं झालंय ते दाखवलं, फटकाऱ्यांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“ते राहू दे. पाणी चढतंय की उतरतंय?”

इतके दिवस हे चित्र मी बोटांनी चाचपत होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“भिंत बघ ना,” ती म्हणाली. “पाण्याच्या वर ओलीची रेघ असली तर उतरतंय. भिंत कोरडी असली तर सामान अजून वर चढवायचं.” तिने पर्समधून चष्मा काढला, टेबलावर वाकली आणि दुकानाच्या भिंतीवरून बोट हळूहळू खाली आणलं.

“ही ओल आहे,” तिने विचारलं, “की तुझा तो फटकारा?”