तुम्ही विचारलंत म्हणून: त्या डब्यात असतं तरी काय?

पोर्टलंडहून घरी फोन लावला की मामी हमखास विचारतात, "जंगलात डबा सापडला, बरं झालं. पण त्यात असतं तरी काय?" आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

एक छोटी वही असते आणि पेन्सिलीचा तुकडा. कधी गोट्या, कधी बिल्ला. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा, होता तिथेच ठेवायचा. कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि तो इथलाच, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा. मे 2000 पर्यंत अमेरिकन सरकार सर्वसामान्यांना मिळणारा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम ढोबळ करून ठेवत असे. ते थांबलं आणि लगेच, 3 मेला, डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्या बादलीत बीन्सचा एक बंद डबाही होता!

मला पहिला डबा पोर्टलंडच्याच फॉरेस्ट पार्कच्या जंगलात मिळाला. बाल्च क्रीक या ओढ्याच्या कडेकडेने पडक्या दगडी घरापर्यंत जेमतेम दीड किलोमीटरची वाट. डबा नेमका कुठे, ते सांगणार नाही. पुढच्याचा शोध हिरावून घ्यायला मला आवडत नाही. या वाटेने मी आधी पाच-सहा वेळा गेले होते, भरभर, दगडी घर गाठायचं म्हणून.

त्या दिवशी फोनने डबा चार मीटरवर दाखवला, दोन पावलांवर पंधरा. डग्लस फरची उंच झाडं आणि दोन्ही बाजूंचा चढ, सिग्नल धड पोचतच नाही. शेवटी फोन खिशात टाकला आणि उकिडवी बसले. तेव्हा कुठे नेच्याच्या पानांमागचे तपकिरी ठिपके दिसले, ओळीने मांडल्यासारखे. ओल्या ओंडक्यावर वीतभर लांब, बिनशंखाची गोगलगाय चालली होती. आणि एका बुंध्याशी सालीचे तुकडे सगळे एकाच दिशेने उभे. साल अशी गळत नाही, कुणीतरी लावली होती. डबा जमिनीत पुरायचा नाही असा नियम आहे, म्हणून झाकायला साल.

कुत्रा घेऊन एक जोडपं येत होतं. ते वळणाआड जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत राहिले, मग हात आत घातला.

वहीत शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती. अक्षर लहान मुलाचं, मोठं, ओळीबाहेर गेलेलं. त्याखाली मी देवनागरीत नाव लिहिलं. झाकण घट्ट लावलं, सालीचे तुकडे तसेच उभे केले आणि ओढ्यापाशी जाऊन मागे वळून पाहिलं. नुसता बुंधा दिसत होता.