बाकी बरोबर

निमंत्रण आलं तेव्हा मी गाळ्यावर होतो, हात मशिनच्या कुलंटने माखलेले, म्हणून कुरिअरवाल्या पोराला म्हटलं ठेव टेबलावर. अर्ध्या तासाने बघितलं तर आपल्या शाळेचं पाकीट, सुवर्णमहोत्सव, आणि पत्त्याच्या वर माझं नाव. म्हणजे आत्ताचं नाव. शाळेच्या एकाही कागदावर हे नाव नाही हे मला पक्कं माहीत आहे, जनरल रजिस्टरला नाही, दाखल्यावर नाही, दहावीच्या मार्कलिस्टवर नाही. समितीतल्या आपल्या बॅचच्या मैत्रिणीला लगेच फोन लावला की हे तुम्हाला कोणी सांगितलं, तर ती म्हणाली अरे, यादी बाईंना दाखवायला नेली होती, त्यांनीच जुनं खोडून हे लिहिलं आणि म्हणाल्या पाकिटावर हेच गेलं पाहिजे.

त्या दिवशी माझ्याकडून पुढे काम झालं नाही.

शाळेने काय दिलं त्याबद्दल लिहा असं पत्रात आहे, स्नेहसंमेलन, स्काउट, सायन्स लॅब, सगळं. पण माझ्याकडून बाईंशिवाय दुसरं काही लिहून होणार नाही, बाकीच्या सरांनी आणि मॅडमनी राग मानू नये. बाई कोणत्या ते २०१० च्या आसपास दहावी झालेल्या कोणालाही सांगायला नको. मराठीच्या बाई, नववी ब च्या वर्गशिक्षिका, कडक इस्त्रीची सुती साडी आणि लाल पेन.

शाळेने मला मुलगी म्हणून दाखल करून घेतलं होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, आठवीपासून ओढणी. मी मुलगी नाही हे मला चौथी-पाचवीतच कळलं होतं पण त्याला शब्द नव्हता. तृतीयपंथी हा शब्द ऐकलेला होता, पण तो मेन रोडला दुकानादुकानात टाळी वाजवत येतात त्यांच्यासाठी, आणि त्या सगळ्या साडी नेसणाऱ्या, मी तर पँट मिळावी म्हणून रडणारा, म्हणजे मी तेही नाही. मग मी कोण, तर कोणीच नाही, असं वाटायचं.

आणि आपली मराठी अशी भाषा आहे की तोंड उघडलं की ठरवावंच लागतं. मी आलो की मी आले, मी जातो की मी जाते. इंग्रजीच्या तासाला 'आय वेन्ट' म्हटलं की सुटलो, मराठीत सुटका नाही. घरी आले-गेले म्हणायचो, मनात आलो-गेलो चालायचं, आणि शाळेत वाक्यं अशी फिरवायचो की काही कळूच नये, 'उशीर झाला', 'वही घरी राहिली', 'पोटात दुखतंय'. दिवसभरात एकच शब्द बिनधास्त म्हणता यायचा तो म्हणजे 'हजर'. पण त्याच्या आधी बाई कॅटलॉगमधलं नाव वाचायच्या आणि ते ऐकताना रोज पोटात गोळा यायचा.

नववीला होतो तेव्हाचा, २००८ सालचा सप्टेंबरमधला गोदावरीचा पूर सगळ्यांना आठवत असेल. आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो, मी काकांबरोबर पूर बघायला गेलो, आणि जो तो एकच विचारत होता, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं, कारण नदीपात्रातल्या त्या मूर्तीवरूनच आपल्याकडे पुराचं माप काढतात. नंतर बाईंनी निबंध दिला, 'मी पाहिलेला पूर'. मी रात्री लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता इतका त्या पाण्यात गेलो की मी काय लिहितोय ते कळलंच नाही. मी धावत गेलो, मी एका भिंतीवर चढलो, काका ओरडले पण मी खाली उतरलो नाही, मी खूप भिजलो. सकाळी वह्या गोळा झाल्या, मॉनिटरच्या हातात गठ्ठा गेला आणि तेव्हा डोक्यात आलं की पूर्ण दीड पान मी मुलगा होऊन लिहिलंय.

चार दिवस झोप नाही. बाई घरी बोलावणं पाठवतील, किंवा सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवतील आणि पोरं हसतील, किंवा मुख्याध्यापकांकडे नेतील. बाईंची तपासणी कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे, एक वेलांटी सोडायच्या नाहीत. वही परत आली तर पान लालेलाल. 'पुर' चा 'पूर' केलेला, 'मारूती' चा 'मारुती', 'पाणि' चा 'पाणी', दोन ठिकाणी पूर्णविराम दिलेला. आणि 'लो' एकही खोडलेला नाही. मी बोटाने एकेक मोजले, अकरा होते. गेलो, चढलो, उतरलो, भिजलो, सगळे जसेच्या तसे. खाली लिहिलं होतं, शुद्धलेखनाकडे लक्ष दे, बाकी बरोबर.

मी ती वही दप्तरात घातली आणि संडासात जाऊन रडलो.

दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत नळाजवळ बाई आल्या, म्हणाल्या डबा खाल्लास का रे. 'गं' नाही, 'रे'. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल. मी सांगितलं. त्या आधी कोणाला सांगितलेलं नव्हतं, आईला पण नाही. बाईंनी एकदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण वर्गात एकदम मारली तर पोरं तुला जगू देणार नाहीत, मला थोडा विचार करू दे.

आणि बाईंनी केलं काय, तर आपल्याकडे मुलांना आडनावाने आणि मुलींना नावाने हाक मारायची पद्धत होती ना, ती त्यांनी सोमवारपासून बंदच केली. हजेरी सगळ्यांची आडनावाने. मुलींनी दोन दिवस कुरकुर केली, मग सवय झाली. कॅटलॉगमध्ये जे होतं ते तसंच राहिलं पण माझ्या पोटातला गोळा गेला. एकटे असलो की मात्र माझ्या नावाने हाक मारायच्या, आणि वहीच्या लेबलवर आद्याक्षर आणि आडनाव लिहायची परवानगी दिली.

पुढे फेब्रुवारीत कोणाला तरी ते नाव कळलं, बाकावर खडूने लिहून ठेवलं आणि एकाने बाईंनाच विचारलं की बाई, हिने खोटं नाव घेतलंय ना. नेमका २७ फेब्रुवारी, तात्यासाहेबांची जयंती, फळ्यावर कुसुमाग्रजांचं नाव सजवून लिहिलेलं. बाईंनी त्यालाच विचारलं, यांचं जन्माचं नाव सांग. त्याला काय येणार, आमच्यातल्या कोणालाच येत नव्हतं. बाईंनी सांगितलं, गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेले तेव्हा विष्णू वामन झाले, कवितेसाठी कुसुमाग्रज झाले, आणि नाशिकने तात्यासाहेब म्हटलं. ज्ञानपीठ मिळालं त्यांना. आता यातलं खोटं कोणतं ते तू सांग आणि मग बस खाली. तो बराच वेळ उभा होता.

घरचं अवघड होतं. बाई एका रविवारी स्वतःहून आल्या, आई रडायला लागली, आजी म्हणाली जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलीय, मग मुलगीच. बाईंनी आजीला विचारलं, आजी, सकाळी कुठे जाऊन आलात? आजी म्हणाली, गंगेवर, रोज जाते (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात). बाई म्हणाल्या, कागदावर तर गोदावरी आहे. आजी काही बोलली नाही, उठून चहा टाकला. त्यानंतर जाईपर्यंत आजीने मला 'बाळा' सोडून दुसरी हाक मारली नाही.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना मात्र बाईंचं काही चाललं नाही. जनरल रजिस्टरला जे नाव तेच बोर्डाला जाणार. प्री-लिस्टवर, म्हणजे बोर्डाकडून तपासायला आलेल्या यादीवर, सही करायला मला बोलावलं तेव्हा बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे माझ्या हातात नाही रे. तेव्हा कोणाच्याच हातात नव्हतं. आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, तृतीयपंथींच्या हक्कांचा कायदा २०१९ चा आणि लागू झाला १० जानेवारी २०२० ला. मी दहावी झालो मार्च २०१० ला.

त्याची किंमत नंतर बरीच वर्षं मोजली. सातपूरला आयटीआय केलं, मशिनिस्टचा ट्रेड, हातात काम होतं, पण एका कंपनीत सिलेक्शन होऊन सुद्धा कागद बघून विचारलं की हे सर्टिफिकेट तुमच्या बहिणीचं आणलंय का, आणि नंतर फोनच आला नाही. २०२१ ला तृतीयपंथींसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला, प्रतिज्ञापत्र जोडलं, कलेक्टर ऑफिसकडून ओळखपत्र मिळालं. तेव्हा त्यासाठी डॉक्टरी तपासणी लागत नव्हती, हे मुद्दाम लिहितोय कारण बऱ्याच पोरांना ते माहीत नव्हतं आणि ती भीतीनेच अर्ज करत नव्हती. त्या आधारावर पहिलं नाव बदलून घेता यायचं. पुढे ऑपरेशननंतर सुधारित प्रमाणपत्रावर 'पुरुष' आलं, मग राजपत्र, आधार, पॅन, बँक, एकेक करत गेलो. आज अंबडला भाड्याच्या गाळ्यात दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिन आहेत, सहा जण कामाला आहेत, आणि बाहेरच्या बोर्डावर प्रोप्रायटर म्हणून माझं नाव आहे. बाई उद्घाटनाला आल्या होत्या, नारळ त्यांनीच फोडला.

मागच्या महिन्यात शाळेत चक्कर मारली. चिंच नाही राहिली, नळाच्या जागी कूलर आहे. हजेरी आता मोबाइलवर असते म्हणे, आणि मुलाचं नाव सरकारी पोर्टलवर आधारशी जुळावं लागतं, एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. सोय झाली हे खरं, पण मला आपलं आठवलं की बाईंच्या हातात कॅटलॉग होता, काय मोठ्याने वाचायचं ते त्या ठरवू शकायच्या. २०२१ च्या शेवटी एनसीईआरटीने शिक्षकांसाठी अशा मुलांबद्दल एक चांगलं मॅन्युअल वेबसाइटवर टाकलं होतं, गणवेश, टॉयलेट, सगळ्याचा विचार होता त्यात, आणि आक्षेप आल्यावर ते काही दिवसांतच काढून टाकलं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. आताही आपल्या शाळेत कुठल्या तरी बाकावर एखादं पोरगं वाक्य फिरवून बोलत असेल, त्याला कोणी विचारलंय का की तुला काय हाक मारू. पोर्टलवर नाही बदलता येत, पण तोंडाने हाक मारायला कोणाची परवानगी लागते?

हा लेख समितीला पाठवायच्या आधी बाईंकडे घेऊन गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी खिडकीपाशी बसून पूर्ण वाचला, आणि लाल पेन मागितला. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त करून दिलाय, तेवढ्या दुरुस्तीसह छापावा ही विनंती.