टाइल्सचे साचे

शनिवार, रात्री

मंडळातला कार्यक्रम लवकर आटपला. घरी जायच्या ऐवजी इथे लंडनमध्येच किलबर्नला बसमधून उतरले आणि कार्लटन टॅव्हर्न या पबला गेले. कितीतरी दिवस मनात होतं. मी घेत नाही, त्यामुळे पबच्या दारात अजूनही पाय घुटमळतो. आत दोन म्हाताऱ्या बायका आणि एक आजोबा आपापल्या ठरलेल्या जागी असावेत तसे बसले होते. मी चहा घेऊन भिंतीकडे बघत बसले.

ही भिंत फार जुनी नाही. इथला आधीचा पब 1918 च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात गेला. मग 1920-21 मध्ये चॅरिंग्टन या बिअरवाल्या कंपनीने नवा बांधला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचं सगळं पडलं, हा मात्र राहिला. आणि 8 एप्रिल 2015 ला बुलडोझरने पाडला! मालकांना तिथे फ्लॅट बांधायचे होते, परवानगी नाकारली गेली होती. ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं की मालाची मोजदाद आहे, आज बंद ठेवा. दोन दिवसांनी इमारत भुईसपाट. वारसा इमारतींच्या यादीत नाव लागण्याची शिफारस अगदी तोंडावर आली होती.

पण वस्तीतल्या लोकांना आधीच वास आला होता. त्यांनी मागे लागून इमारतीची पाहणी करवून घेतली होती. फोटो निघाले होते, टाइल्सचे प्लॅस्टरमध्ये साचे घेतले होते. त्यामुळे वेस्टमिन्स्टर कौन्सिलने जेव्हा हुकूम काढला की होती तश्शी, वीट न वीट परत बांधा, तेव्हा ‘कशी होती कोण जाणे’ असं म्हणायची सोयच उरली नाही. मालकांनी अपील केलं, ते 2016 मध्ये फेटाळलं गेलं. एप्रिल 2021 मध्ये पब पुन्हा उघडला.

माझा जीव अडकला तो त्या साच्यांत. पब अजून उभा होता, रोज संध्याकाळी माणसं येत होती, तेव्हाच कुणीतरी तिथे गुडघ्यावर बसून ओलं प्लॅस्टर टाइलवर दाबलं असेल. केवढं प्रेम लागतं त्याला.

आणि सारखा वाईचा मामाचा वाडा डोळ्यांसमोर येत होता. बिल्डरशी बोलणी पक्की होत आली आहेत. मामाला दोष कसा देऊ? पावसाळ्यात तीन खोल्यांत बादल्या ठेवाव्या लागतात, वर चढून कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. वाडा जाणार. पण माजघराच्या चौकटीवरची वेल, ओसरीच्या खांबांच्या दगडी उथळ्या, आजी जिथे दिवा लावायची तो काजळलेला कोनाडा, यातल्या एकाचंही माप कुणी घेतलेलं नाही. आमच्याकडे फोटो आहेत ते सगळे लग्नामुंजींतले. त्यांत माणसंच माणसं, वाडा मागे कुठेतरी.

घरी येऊन दादाला मेसेज टाकलाय. पुढच्या रविवारी टेप आणि चांगला कॅमेरा घेऊन वाईला जा. चौकटीपासून सुरुवात कर. वेलीवर कागद ठेवून पेन्सिल घास, लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी. मामा विचारेल कशाला, तर माझं नाव सांग.

तिकडे पहाट झाली असेल. अजून एकच टिक दिसतेय.