शेवटच्या फेरीत मत कोणाचे?

जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष ठरतो, तेव्हा बहुतेक वेळा देशाचा पंतप्रधानही ठरतो. कारण १९५५ मध्ये स्थापन झालेला हा पक्ष मोजकी वर्षे सोडल्यास सतत सत्तेवर राहिला आहे. त्यामुळे अध्यक्ष खासदारांनी निवडायचा की वर्गणी भरणाऱ्या साध्या सदस्यांनी, हा प्रश्न पक्षाची अंतर्गत बाब म्हणून सोडून देता येणार नाही.

पूर्ण स्वरूपाच्या निवडणुकीत आज पहिल्या फेरीत प्रत्येक खासदाराला एक मत असते आणि एकूण तितकीच मते देशभरातील सदस्यांच्या कौलानुसार उमेदवारांमध्ये वाटली जातात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये दुसरी फेरी होते. त्या फेरीत खासदारांची मते कायम राहतात; सदस्यांचा वाटा मात्र प्रत्येक प्रांताला एक याप्रमाणे अवघ्या ४७ मतांवर येतो. जिथे निकाल लागतो, नेमका तिथेच सदस्यांचा आवाज क्षीण होतो, हे मला अन्यायाचे वाटते.

२०१२ मध्ये तर दुसऱ्या फेरीत ही ४७ मतेही नव्हती. शिगेरू इशिबा यांनी सदस्यांच्या ३०० पैकी १६५ मते मिळवली होती, तरी केवळ खासदारांनी मतदान केलेल्या अंतिम फेरीत शिंझो आबे १०८ विरुद्ध ८९ मतांनी विजयी झाले. त्यानंतर नियम बदलला, पण तो बदल किती तोकडा होता हे २०२१ मध्ये दिसले. दुसऱ्या फेरीत तारो कोनो यांनी ३९ प्रांत जिंकले आणि फुमिओ किशिदा यांनी केवळ ८. तरीही २४९ खासदार पाठीशी असल्यामुळे किशिदा सहज अध्यक्ष झाले.

ज्याला संसदेत बहुमत टिकवायचे आहे, त्याच्यावर खासदारांचा विश्वास हवा, या युक्तिवादात तथ्य आहे आणि मी तो नाकारत नाही. परंतु एप्रिल २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान केइझो ओबुची अचानक आजारी पडल्यावर मूठभर ज्येष्ठ नेत्यांनी बंद दाराआड योशिरो मोरी यांचे नाव ठरवले, तेव्हा त्या निवडीबद्दलचा संशय मोरी यांच्या साऱ्या कारकिर्दीला चिकटून राहिला. पुढच्याच वर्षी प्रांतांच्या १४१ पैकी १२३ मते घेऊन आलेल्या जुनिचिरो कोइझुमी यांना अडवण्याचे बळ पक्षातल्या मातब्बर गटांमध्ये उरले नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या फेरीत शिंजिरो कोइझुमी यांच्यामागे ८० खासदार होते आणि साने ताकाइची यांच्यामागे ६४. सदस्यांच्या मतांत मात्र ताकाइची ११९ विरुद्ध ८४ अशा पुढे होत्या. अंतिम फेरीत खासदारांचे पारडेही १४९ विरुद्ध १४५ असे त्यांच्याकडे झुकले आणि पक्षाला पहिली महिला अध्यक्ष मिळाली. या वेळी खासदार आणि सदस्य यांचा कौल जुळला खरा, पण नियमाने तशी कोणतीही हमी दिलेली नव्हती. म्हणूनच दुसऱ्या फेरीतही सदस्यांचा वाटा पहिल्या फेरीइतकाच ठेवावा, असे माझे मत आहे.